मन लागायची वाट बघू नकोस

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला जे होतंय त्याला आळस म्हणू नकोस, आणि कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. आळशी माणसाला काम टाळून मजा येते. तुला तर पेटी वाजवूनही मजा येत नाही, मैत्रिणींचे मेसेज उघडवत नाहीत. नैराश्यात कशाची गोडी लागणंच मंदावतं. 'करून काय होणार' हे उत्तर आधीच तयार असतं, मग अंग उचलत नाही. आणि काहीच न केल्यानं आणखी वाईट वाटतं.

म्हणून आधी कृती, मन मागून येईल. पण कृती अगदी लहान हवी. 'आज भौतिकशास्त्राचा धडा' हे फार मोठं झालं. टेबलाशी बसायचं, वही उघडायची, तारीख घालायची, एक गणित उतरवून घ्यायचं. 5 मिनिटांचा गजर लाव. तो वाजला की खुशाल ऊठ. एखाद्या दिवशी तारखेपाशीच थांबलीस तरी तो दिवस जमेत धर.

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आख: काय केलं, आनंद किती, जमल्याचं समाधान किती. दोन्हींना 0 ते 10 गुण. आनंदाखाली सुरुवातीला 0, 1 असंच येत राहील, त्यानं घाबरू नकोस. समाधान बहुधा आधी हलतं. आंघोळीपुढे 3 पडले, तर ती आंघोळ रोज त्याच वेळी ठेव.

घात होतो तो बऱ्या दिवशी. जरा हुशारी वाटली की राहिलेला सगळा अभ्यास उपसायला बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. बऱ्या दिवशीही ठरलं तेवढंच कर.

झोप रात्री कधीही लागो, उठायचं 7 लाच. दुपारची झोप नको.

गोळ्यांचा गुण यायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करतील. पहिल्या काही आठवड्यांत तगमग वाढली, जीव नकोसा वाटला, तर रात्रीचे 3 वाजले असले तरी मला हलवून उठव. माझ्याशी बोलवेना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

'अभ्यास झाला का' हे मी विचारणार नाही. वही दाखवायची की नाही, तू ठरव. सकाळी 7 ला चहा घेऊन मी गच्चीत असेन. वीसेक मिनिटं उजेडात बसू, बोललं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई