उमेदवार दिल्लीला जाणार आहेत की वॉर्ड ऑफिसला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

येत्या २० मे २०२४ ला आमच्या ठाणे लोकसभेचं मतदान आहे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीपासून पार मीरा-भाईंदरपर्यंत प्रचाराच्या रिक्षा फिरतायत, पण त्या भोंग्यांतून जे काय कानावर पडतं त्यावरून निवडणूक लोकसभेची आहे का महापालिकेची तेच कळत नाही. पाणी, गटार, पार्किंग, रिडेव्हलपमेंट. हवंय सगळं, कोण नाही म्हणतंय, पण यातलं लोकसभेत बसून काय ठरतं ते तरी सांगा कोणीतरी.

यात सगळा दोष उमेदवारांचा नाहीये. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहेत, मग गटार तुंबलं तर धरायचं कोणाला? म्हणून जो हात जोडून दारात येईल त्यालाच लोक गटार दाखवतात. आणि उमेदवारालाही ते सोयीचंच पडतं, कारण गटाराला हो म्हणायला काय जातंय, दिल्लीतून कोणी फोन करून विचारणार नाही की तुम्ही गटाराला हो का म्हणालात.

परवा एका उमेदवाराची पदयात्रा आमच्या सेक्टरात आली. माझे मिस्टर एपीएमसीच्या, म्हणजे नवी मुंबईच्या घाऊक बाजाराच्या, कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेबाचं काम बघतात, त्यामुळे आमच्या घरात राजकारण कमी आणि कांदा जास्त असतो. मागच्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के ड्युटी लागली, डिसेंबरमध्ये निर्यात बंदच केली, आणि आता ४ मेला उठवली ती पण ड्युटी ठेवून आणि वर टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभावाची अट घालून. नाशिक-दिंडोरीचं मतदान पण २० मेलाच आहे, योगायोग म्हणा हवं तर. तर मी विचारलं, साहेब, कांदा निर्यातीबद्दल तुमचं मत काय? खरं सांगायचं तर किचनमध्ये उभी असते तेव्हा मला पण स्वस्त कांदा बराच वाटतो, आणि शेतकऱ्याचा माल पडून राहिला की मार्केटात आलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही हे मिस्टर सांगतात ते पण खरंच. म्हणजे प्रश्न सोपा नाहीये, म्हणूनच विचारला. ते हसले आणि म्हणाले, ताई, तुमच्या सेक्टरचं पाण्याचं प्रेशर मी बघतो. मागे उभे असलेले कार्यकर्ते पण हसले. निर्यात दिल्लीत ठरते आणि ज्या मतदारसंघात हे मार्केट आहे तिथून दिल्लीला जायला निघालेल्या माणसाला त्यावर मत नाही, किंवा आहे आणि सांगायचं नाहीये.

आता गंमत बघा. उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतात, फॉर्म २६, त्यात सोनं किती, गाडी कुठली, कर्ज किती, शिक्षण काय, केसेस किती सगळं लिहावं लागतं, २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे आलं आणि चांगलंच झालं. निवडणूक आयोगाच्या साईटवर जाऊन कोणीही वाचू शकतं. म्हणजे बायकोच्या नावावर किती तोळे आहेत ते मला कळतं पण हा माणूस कुठल्या कायद्याच्या बाजूने हात वर करणार ते कळत नाही. पक्षाचा जाहीरनामा असतो की, असं कोणी म्हणेल. असतो, पण तो पक्षाचा असतो, आणि ज्या जिल्ह्यात गेल्या दोन वर्षांत कोण कुठल्या पक्षात आहे ते सकाळी पेपर उघडल्याशिवाय सांगता येत नाही तिथे पक्षाच्या जाहीरनाम्यावर किती भरवसा ठेवायचा?

पुढच्या पाच वर्षांत जे येऊ घातलंय ते काही लहान नाहीये. लोकसभेच्या जागांची राज्यांत वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर चाललीय, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. पुढे ती उघडली की महाराष्ट्राच्या ४८ चं काय होणार, दक्षिणेतली राज्यं म्हणतायत की आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्याची शिक्षा आम्हाला का, त्यांना आपण काय उत्तर देणार? आमच्या ठाण्यात एका खासदारामागे २५ लाखांच्या आसपास मतदार आहेत, लक्षद्वीपमध्ये ६० हजारांच्या आत. बेटांचं समजू शकतो, पण राज्याराज्यांतला फरक कसा मिटवायचा यावर मी एकाही भाषणात एक वाक्य ऐकलेलं नाही. आणि बायकांचं ३३ टक्के आरक्षण पुढच्या जनगणनेला आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवलंय, २०२१ ची जनगणनाच अजून झालेली नाही, मग ते लागू कधी होणार हे महिला मेळाव्यात साड्या वाटताना सांगायला काय हरकत आहे?

एक देश एक निवडणूक घ्या. माजी राष्ट्रपती कोविंद यांच्या समितीने मार्चमध्ये अहवाल दिला, अठरा हजारांवर पानांचा, त्यात लोकसभा-विधानसभा एकत्र आणि त्यानंतर १०० दिवसांच्या आत महापालिका-पंचायती असं आहे. इथे चार वर्षं झाली आमची महापालिका निवडणूक होत नाहीये आणि हे १०० दिवस म्हणतायत! बाजूने असा नाहीतर विरोधात असा, बोला तरी. कामगारांचे २९ कायदे गुंडाळून केलेल्या चार संहिता २०१९-२० मध्ये पास झाल्या, मे २०२४ उजाडला तरी लागू नाहीत, रबाळे-महापेच्या कंपन्यांत कंत्राटावर असलेल्या पोरांना कोणी त्याबद्दल सांगितलंय का?

यावर ठरलेलं उत्तर असतं, अहो, व्हिप असतो, पक्ष सांगेल तिथेच मत द्यावं लागतं, नाहीतर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाते. मान्य. पण व्हिप मतदानाला असतो, तोंडाला नसतो. संसदेच्या स्थायी समितीत व्हिप चालत नाही, प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न विचारता येतात, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयक मांडता येतं. मागच्या सप्टेंबरात महिला आरक्षणाला लोकसभेत ४५४ मतं पडली आणि विरोधात फक्त २, त्यातले एक आपल्या महाराष्ट्रातले, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम बायकांना वेगळा कोटा नाही म्हणून विरोध, असं त्यांच्या पक्षाने सांगितलं. मला स्वतःला ते मत पटलं नाही, पण निदान माणूस कुठे उभा आहे ते तरी कळलं ना.

आणि ठाण्याला हे नवीन नाहीये. १९७७ आणि १९८० ला इथून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे, कुठल्याही पक्षाची जुनी माणसं अजून सांगतात. तेव्हा झेरॉक्स मिळायची मारामार होती, आता सगळ्यांकडे सोशल मीडियाची टीम आहे, तिच्याकडून रोज दहा रील येतात, त्यात साहेब वडापाव खाताना दिसतात.

तर विनंती अशी की तुमच्या ठाणे पुरवणीत वर दिलेल्यातले चार-पाच प्रश्न सगळ्या उमेदवारांना लेखी पाठवा, अपक्षांना पण, आणि उत्तरं शेजारी शेजारी छापा. ज्याचं येणार नाही त्याच्या नावाखाली जागा कोरी सोडा, फोटो मात्र सगळ्यांचे एकाच मापाचे लावा. १८ ला संध्याकाळी प्रचार थांबतो, त्यामुळे १२ तारखेच्या रविवारच्या अंकात जमलं तर बघा. कांद्याचा प्रश्न पहिला ठेवा.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई