जेपींच्या आजारपणाबद्दल एक ओळ?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आणीबाणीला 50 वर्षं झाली तेव्हापासून त्यावर खूप छापून येतंय, तुमच्याकडेही आलं, चांगलं आलं. मिसा (खटल्याशिवाय आत टाकायचा कायदा), सेन्सॉर, नसबंदी सगळं येतं पण इंदिरा गांधींविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, कैदेत असताना आजारी पडले ते मात्र "प्रकृती ढासळल्याने सुटका" असं एका ओळीत उरकतात. आमच्या मालवण-कणकवली-वेंगुर्ल्याकडे त्या वर्षी घराघरात काळजी होती ती याचीच हो!

त्याला कारण पण होतं. हा राजापूर मतदारसंघ खासदार नाथ पैंचा. हार्टचा त्रास असून 1971 च्या जानेवारीत ते बेळगावला सीमाप्रश्नावर बोलायला गेले आणि भाषणाच्या दुसऱ्या दिवशी गेलेच, वय फक्त 48. मग मधु दंडवते खासदार झाले तर त्यांनाही बंगलोरच्या जेलात टाकलेलं. आता जेपींचं काय होतंय म्हणून लोकांचा जीव टांगणीला.

26 जून 1975 ला पहाटे त्यांना दिल्लीत उचललं तेव्हा वय 72, डायबेटिस, बायको प्रभावतीदेवी दोन वर्षांपूर्वीच गेलेल्या. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलात ठेवलं, तेही एकटं. नोव्हेंबरात पॅरोलवर सोडलं तोवर किडन्या कामातून गेलेल्या, मुंबईला जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं ते मरेपर्यंत सुटलं नाही. कोणी मुद्दाम केलं असं लोक तेव्हा उघड बोलायचे, मी तसं म्हणणार नाही, त्याला पुरावा लागतो. पण माणूस सरकारच्या ताब्यात, हॉस्पिटलही सरकारी, आणि एवढं बिघडेपर्यंत लोकांना पत्ता नाही हे कसं?

पेपरात सेन्सॉर, म्हणून आमच्याकडे बातमी यायची ती एसटीतून उतरणाऱ्या चाकरमान्यांकडून. माझी आजी, जिला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती पण विचारायची, "जेपी वाचतले मां रे?" जेपींच्या डायलिसिस मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली होती, त्यात पंतप्रधान निधीतून 90 हजार आले ते जेपींनी नको म्हणून परत केले. आजारी माणसाचा हा ताठा आमच्या लोकांना जाम आवडलेला. 1977 ला तशाच तब्येतीत ते प्रचाराला फिरले, दंडवते निवडून आले, रेल्वेमंत्री झाले, ते सगळ्यांना माहीतच आहे.

आणि आपलं जनता पक्षाचं सरकार आल्यावर तरी काय? 23 मार्च 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगून टाकलं की जेपी गेले, सभागृहात श्रद्धांजली झाली, आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत! गेले ते 8 ऑक्टोबरला, पाटण्यात. आपण उगाच व्हॉट्सॲपला नावं ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच की नेता कुठल्याही पक्षाचा असो, तो अटकेत आजारी पडला तर घरच्यांना रिपोर्ट मिळालेच पाहिजेत, त्याच्या पसंतीचा डॉक्टर आत जाऊ दिला पाहिजे आणि रोज बुलेटिन निघालं पाहिजे. आज माझ्या नावडत्या पक्षाचा नेता असला तरी मी हेच म्हणेन, घरात यावरून भांडणं झालीत ती झालीत.

दुसरं म्हणजे त्या वेळी चळवळीत असलेले लोक आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. तुमचा वार्ताहर पाठवून त्यांच्याकडून हे सगळं लिहून घ्या ना. वेंगुर्ल्यात माझ्या ओळखीचे दोघं आहेत, त्यांना विचारून पत्ते देतो, फक्त सकाळी जायला सांगा, दुपारी झोपतात.

आपला एक वाचक, मालवण