डॅशबोर्डला सनमायकाचा गोंद नको

महोदय,

जुन्या मोटारींच्या डागडुजीत इंजिन, रंग आणि क्रोमकडे सगळ्यांचे लक्ष असते. डॅशबोर्डवरचे अक्रोडाचे व्हीनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, मात्र सुताराच्या भरवशावर सोडले जाते. १९५९ ते १९६७ या काळात बनलेल्या जॅग्वार मार्क टूसारख्या गाडीत हे लाकूड म्हणजे निम्मे सौंदर्य. ते पुन्हा बसवल्यावर वर्षभरात फुगले, तर आधी गोंदावर संशय घ्यावा.

सनमायकाचा रबरी गोंद सुताराला सोयीचा वाटतो, कारण शिकंजा लागत नाही. पण त्याचा थर सुकूनही लवचीक राहतो. सनमायकातून काही झिरपत नाही. व्हीनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे, त्यात गाठीचे अक्रोड बारीक छिद्रांनी भरलेले. वरून मारलेल्या लॅकरचा, म्हणजे चकाकीच्या लेपाचा, थिनर त्यातून खाली उतरतो, गोंद मऊ करतो आणि फुगे येतात.

पांढरा फेविकॉल घरातल्या टेबलाला उत्तम. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड मात्र ७० अंशांच्या वर सहज जातो आणि हा गोंद साधारण ६० अंशांपासूनच ढिला पडू लागतो. मग व्हीनियर आकसते व सांधे उघडतात. पारंपरिक सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-चामड्याचा गोंद, पुन्हा सोडवता येतो हा त्याचा मोठा गुण. पण ऊन आणि कोकणातला पावसाळा त्याला सोसत नाही.

आमच्या मते पाण्यात कालवायची यूरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदाची पूड सर्वांत भरवशाची. ती कडक बसते, सरकत नाही, थिनरला दाद देत नाही. प्रमाण पाकिटावरचेच घ्यावे, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे. आधी जुना गोंद पूर्ण खरवडून व्हीनियरखालचा प्लाय ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. गोंद फक्त प्लायवर, चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम लावावा. व्हीनियरला लावला तर ते ओले होऊन वळते. वर प्लास्टिकचा कागद, सपाट फळी आणि शिकंजे रात्रभर. ओल्या अक्रोडाला लोखंड लागू देऊ नये, निळे-काळे डाग पडतात. प्लायच्या मागच्या बाजूलाही साधे व्हीनियर चिकटवावे, नाहीतर फळी वाकते. लॅकरची घाई तर मुळीच नको: आठवडाभर ओल निघू द्यावी. हा गोंद घासताना मास्क लावावा, धूळ घातक असते.

पाया प्लायऐवजी धातूचा असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचे चिकटद्रव्य, घ्यावे लागते, कारण पाण्याचा गोंद धातूला नीट धरत नाही. ते पातळ पसरावे. जास्त झाले की छिद्रांतून वर येते आणि त्या ठिकाणी पॉलिशचा रंग धरत नाही.

लॅकरआधी नखाने टिचकी मारत सगळा पृष्ठभाग तपासावा. पोकळ आवाज आला तर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्यावी, सुईने गोंद भरावा आणि पुन्हा शिकंजा लावावा. लॅकर चढल्यावर हीच दुरुस्ती लपत नाही.

— जुन्या लाकडी कामाचे कारागीर, पुणे