गायरानं राखा, खिलार चरायची कुठं?

संपादक साहेब, माण, आटपाडी, जत म्हणजे खिलार जातीच्या गायीबैलांचा मुलूख, पण आज जनावर मोकळं चरायला सोडायला जागाच उरली नाही, गायरानात कुठं पक्की बांधकामं, कुठं सोलर आणि राहिलेल्यात वेडी बाभूळ माजलीय. सुप्रीम कोर्टानं २०११ लाच जगपाल सिंग केसमध्ये गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलंय. गरिबाचं घर पाडा असं मी म्हणत नाही, पण मोकळं आहे ते तरी वाचवा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, लई चांगलं झालं, पण पाणी आलं की ऊस, डाळिंब, द्राक्ष, गवताला कोण विचारतंय? नुसत्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) गाय पोसली तर तिच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. ग्रामपंचायतींनी गायरानाचे तुकडे पाडून मारवेल, पवना असलं चाऱ्याचं गवत लावावं आणि पाळीपाळीनं चराई ठेवावी, यंदाच्या पावसाळ्यातच सुरू करा.

– एक पशुपालक, आटपाडी (जि. सांगली)