वैतरणेकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचते. घाट, नाले, निर्माल्य, प्लास्टिकबंदी, सगळी चर्चा गोदावरीभोवती. ती हवीच. पण त्र्यंबकला मी बरीच वर्षे भूगोल शिकवला, म्हणून एक गोष्ट खटकते. त्या डोंगररांगेवर पडणारा सगळाच पाऊस गोदेला मिळत नाही. एका अंगाचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते, दुसऱ्या अंगाचे वैतरणेतून अरबी समुद्राला. त्या बाजूच्या ओहोळांचे काय? त्यांतले प्लास्टिक समुद्रात कोणाच्या पोटात जाऊ शकते, तेच सांगायचे आहे.

माझा भाचा भर समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला आहे. ऐन पावसाळ्यात त्याने एक व्हिडिओ पाठवला. काळपट तपकिरी पक्षी, पंख ताठ, लाटेच्या उतारावरून असे घसरत जातात की पंखाचे टोक आता पाण्याला लागते की काय. चोच गुलाबीसर, टोकाशी काळी. हे समुद्रपक्षी म्हणजे फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतच्या बेटांवर बिळात वर्षाला एकच अंडे घालतात आणि बिळात ये-जा करतात ती रात्रीची. एप्रिल-मेच्या सुमारास पिल्ले उडाली की हिंदी महासागर ओलांडून आपल्या समुद्रात चरायला हजर. त्यांचे लहानखुरे पर्शियन भाऊबंद तर ओमानची हल्लानियात बेटे आणि सोकोत्रा इथेच वीण करतात.

येतात त्यालाही कारण आहे. जो नैर्ऋत्य वारा इगतपुरी-त्र्यंबकला झोडपतो, तोच सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याचे वरचे पाणी लोटून देतो आणि खालचे थंड, कसदार पाणी वर येते. त्यावर प्लवक वाढते, प्लवकावर मासळी, मासळीवर हे. आपली भातलावणी आणि त्यांचे जेवण एकाच वाऱ्यावर चालते!

या पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीवर नळीसारख्या असतात आणि भक्ष्य शोधायला त्यांना वासाचा मोठा आधार. समुद्रात काही दिवस तरंगलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरते, त्यालाही खाण्यासारखाच वास येतो. मग ते पोटात जाते आणि पोटातून पिल्लाला भरवले जाते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या लॉर्ड हाऊ बेटावर याच जातीच्या पिल्लांच्या जठरात प्लास्टिकने पडलेले वण संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. आजाराचे नावच ‘प्लास्टिकोसिस’ ठेवले आहे.

कोणी म्हणेल, वाटेत अप्पर वैतरणा आहे, मोडकसागर आहे, कचरा तिथेच अडेल. बराचसा अडेलही, म्हणजे मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यात. (त्यांनी तरी ओरड करावी!) पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी उलटली की तिथे जाऊन बघा. पातळ, एकदाच वापरायचे रेनकोट करवंदीच्या जाळ्यांना लोंबत असतात. पुढचा उन्हाळा खाल्ला की त्यांचा हातात चुरा होतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीला तो वाहून जातो. चुरा कुठले धरण अडवणार?

सिंहस्थात ही गर्दी कितीतरी पटींनी वाढेल. वैतरणेकडे उतरणाऱ्या ओहोळांवर पावसाआधी जाळ्या बसवाव्यात, फेरीच्या दुसऱ्याच दिवशी वेचणी व्हावी, रेनकोट अनामत रक्कम घेऊन विकावेत. आराखड्यात यासाठी एक रुपया तरी धरला आहे का, एवढे आपल्या बातमीदाराने संबंधितांना विचारावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पंचवटी, नाशिक