सूचना : पुस्तकं आणि ब्लश, रविवार 22 मार्च

नमस्कार मैत्रिणींनो,

पाडव्यानंतरच्या रविवारी, 22 मार्चला, दुपारी 4 वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भेटायचं आहे. प्रत्येकीने कपड्यांवरचं किंवा विणकामावरचं एक आवडतं पुस्तक आणि सध्या वापरात असलेला ब्लश आणावा.

- पुस्तकातलं एकच पान उघडून त्यावर पाच मिनिटं बोला. अख्खं पुस्तक सांगत बसू नका, मागच्या वेळी चहा गार झाला होता! मी लिंडा लिंटन यांचं 1995 चं ‘द सारी’ आणतेय. ज्यांच्याकडे पैठणी आहे त्यांनी ती जरूर आणा. पदर उलटा करून बघू. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते, धागे लोंबत नाहीत.

- आधी पुस्तकं, मग ब्लश. हा क्रम बदलणार नाही. गुळगुळीत कागदावर क्रीम ब्लशचं बोट उमटलं की डाग निघत नाही.

- ब्रश आपापला आणा. दुसरीचा क्रीम ब्लश बघायचा असेल तर डबीत बोट न घालता स्वच्छ चमच्याने काढून मनगटावर लावा. उन्हाळ्यात घामाने क्रीम ओघळतं, म्हणून वरून थोडा पावडर ब्लश लावून पाहू. सावळ्या रंगावर फिका गुलाबी राखेसारखा दिसतो. विटकरी, जांभळट छटा असतील तर त्या आणाच.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत पुस्तकाचं नाव ग्रुपवर टाका, म्हणजे एकच पुस्तक दोघी आणणार नाहीत. पुस्तक घरी न्यायचं असेल तर मालकिणीला विचारून, वहीत नोंद करूनच.