डिझेल गाडी विकू की दुरुस्त करू? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो आणि दुकानदारांचे हिशोब लिहून पोट भरतो. २०११ च्या दसऱ्याला एक डिझेल हॅचबॅक घेतली होती. ऑक्टोबर २०२६ मध्ये तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं पुरी होतात. गाडी १ लाख ७४ हजार किलोमीटर पळाली आहे. टर्बो तेल पितो, क्लचप्लेट संपलीय, पुढचं सस्पेन्शन प्रत्येक खड्ड्याची बातमी देतं. मिस्त्रींनी अंदाज दिला ६८ हजारांचा. जुन्या गाड्यांचा दलाल ८५ हजारांत आहे तशी उचलायला तयार आहे. लोकांच्या वह्या जुळवणारा मी, पण हे एक पान दोन महिने जुळेना, कारण त्यातला एक आकडा तुमच्याकडे आहे.

दुरुस्तीचे ६८ हजार धरले. नोंदणी नूतनीकरणाचे ५ हजार (१ एप्रिल २०२२ च्या आधी हेच सहाशे होते, पण ती केंद्राची करणी, त्याचा बोल तुम्हाला नाही). वर राज्याचा पर्यावरण कर. सगळं नूतनीकरणानंतरच्या पाच वर्षांवर पसरलं तर महिन्याला तेराशेच्या आसपास बसतं. एवढ्यात नव्या गाडीच्या कर्जाचं व्याजही सुटत नाही. म्हणजे दुरुस्तीच करावी, असं वही सांगते. फक्त ती पाच वर्षं मला खरंच मिळतील का, हे वहीत लिहिलेलं नाही.

दलाल नेमका तिथेच बोट ठेवतो. "काका, दिल्लीत बघितलं ना? इकडे पण येणारच. आज ८५ देतो, दिवाळीनंतर ६० सुद्धा म्हणणार नाही." दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे खरं. जुलै २०२५ मध्ये तिथे जुन्या गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं बंद झालं आणि दोन-तीन दिवसांत तो निर्णय थांबवावाही लागला. तो नियम आपल्या राज्याचा नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला एक मेसेज फिरतो आणि माझ्या गाडीची किंमत पाच हजारांनी उतरते. गाडी जागेवरच उभी असते, साहेब.

डिझेल हे काही आम्हा नाशिककरांचं नवं वेड नाही. सातपूरच्या मायकोत डिझेल इंजिनाची नोझलं बनतात. कंपनी आता बॉश म्हणवते, पण मायको सर्कलला बॉश सर्कल म्हणणारा मला अजून भेटायचाय. मी गाडी घेतली तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे वीस रुपयांहून अधिक स्वस्त होतं आणि ते स्वस्त ठेवणारं सरकारच होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो हात सुटला. आणखी एक. २०१० मध्ये बीएस-४ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष, आकडा मोठा तितके कडक) तेरा शहरांत आलं. मुंबई, पुणे होतीच, अगदी सोलापूरही होतं. नाशिक त्या यादीत नव्हतं. म्हणून माझी गाडी बीएस-३ आहे. जी विकायला परवानगी होती ती मी पूर्ण कर भरून घेतली.

धुराचं समर्थन मला करायचं नाही. द्वारका चौकात संध्याकाळी सिग्नलला उभं राहिलं की घसा सांगतो. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं शहर आहे ते उगाच नाही. म्हणूनच मार्चमधली एक गोष्ट सांगतो. पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचा दाखला, काढायला गेलो, तर पोराने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात ठेवला. सायलेन्सरला नळी लावलीच नाही. मीच हट्ट धरला, तेव्हा कंटाळत लावली. धुराच्या काळेपणाचा आकडा आला २.९. बीएस-३ डिझेलला मर्यादा २.४५ ची. म्हणजे खिशातला पास झालेला कागद खोटा आणि गाडी नापास! मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खोलून काजळी काढली, एअर फिल्टर बदलला, ३,२०० रुपये घेतले. पुन्हा नळी लावली, आकडा १.७. बीएस-४ ची मर्यादा १.६२ आहे, म्हणजे गाडी जवळपास तिथवर आली. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या वर्षाशी त्या धुराला काही देणंघेणं नव्हतं. काजळी साचली होती, ती काढली.

आता विकायचं म्हटलं तर गाडी जाते कुठे? दलालानेच सांगितलं: "कळवण-सटाणा साइडला लगेच खपते, तिकडे कोण धूर बघतो." माझं गाव कळवण तालुक्यात आहे. म्हणजे मी सिडकोतून हात झटकायचे आणि गळका टर्बो तसाच काळा धूर ओकत माझ्याच चुलतभावाच्या मळ्यावरून जायचा. घेणारा ६८ हजार टाकणार नाही, कारण उद्या बंदी येईल ही भीती त्यालाही आहे. मोडीत काढावी तर ऑगस्ट २०२१ च्या धोरणानुसार नव्या गाडीच्या करात सूट मिळते. पण त्यासाठी आधी नवी गाडी घ्यायची ऐपत लागते, आणि ती असती तर हे पत्र लिहिलं नसतं.

माझं मागणं मोठं नाही. वापरातल्या खासगी डिझेल गाड्यांना महाराष्ट्रात वयाची बंदी येणार आहे की नाही, येणार असेल तर कुठल्या साली आणि कुठल्या बीएसच्या गाड्यांना, हे एकदा लेखी जाहीर करा. बंदी येणार असली तरी चालेल. तारीख कळली की माणूस हिशोब मांडतो. दुसरं, फेरनोंदणीच्या वेळी गाडी यंत्रावर चढवा आणि धुराचा आकडा छापून मालकाच्या हातात द्या. पर्यावरण कर त्या आकड्यावर लावा. आज १.७ वाला आणि २.९ वाला तोच कर भरतात, मग ३,२०० रुपये खर्चायची कुणाला पडलीय? पीयूसी केंद्रावर नळी लावल्याचं कोण बघतं, हेही एकदा बघाच. त्याला तर नवा कायदाही लागत नाही.

नोंदणी नूतनीकरणाचा, म्हणजे नमुना २५ चा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून घेतात, म्हणजे ऑगस्टमध्ये. मिस्त्री म्हणतात, टर्बो खोलायचा तर गाडी गणपतीच्या आधी आणून लावा, पुढे सिंहस्थाच्या गाड्यांनी गॅरेज भरलेलं असेल. दलालाचा फोन दर सोमवारी येतो. तोवर उत्तर मिळालं तर दोघांनाही एकदाच काय ते सांगून टाकेन.

आपला विश्वासू,
एमएच-१५ चा एक करदाता, सिडको, नाशिक